तुळशीचे पाणी

आषाढीची वारी कोकणातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला सहसा येत नाही. त्या दिवसांत भाताची लावणी चालू असते आणि चिखलात उतरलेला माणूस घरदार सोडून पंधरा दिवस जाऊ शकत नाही; म्हणून दापोली तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावरच्या वारकऱ्यांची वारी कार्तिकीची. भात कापून, झोडून घरात आले की वसुबारसेच्या पहाटे वाडीतल्या विठ्ठल-रखुमाईच्या देवळापुढून दिंडी निघते, सगळी दिवाळी रस्त्यावर साजरी करते आणि सुमारे ३०० किलोमीटर चालून कार्तिक शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. माझ्या यजमानांनी अशा अकरा वाऱ्या केल्या. मी एकदाही त्यांच्याबरोबर गेले नाही, कारण दिंडी निघण्याच्या सुमारासच पाऊस सरतो आणि आगराचे, म्हणजे घरामागच्या माड-पोफळींच्या बागेचे, शिंपणे सुरू होते. ते एकदा सुरू झाले की पुढच्या पावसापर्यंत त्यात खंड पडून चालत नाही. एकाने पंढरीला जायचे आणि दुसऱ्याने पाण्यापाशी राहायचे, हे आमच्यात कधी बोलून ठरले नव्हते, पण सव्वीस वर्षे तसेच चालले.

२०२३ साली मी प्रथमच वारीला निघाले, ती शिंपण्याजोगे आगर उरले नव्हते म्हणून.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढले आणि त्याच्या वाऱ्याने आमची वाडी उघडी केली. पोफळ, म्हणजे सुपारीचे झाड, तशी लवचिक असते, वाऱ्याबरोबर वाकते आणि पुन्हा उभी राहते. परंतु एक माड मोडून पडला की आपल्याखालच्या आठ-दहा पोफळी घेऊन पडतो, आणि त्या दिवशी आमचे माड एकामागून एक पडत होते. आम्ही माजघरात बसून केवळ आवाज मोजत होतो. संध्याकाळी पाहिले तेव्हा ३५० पोफळींपैकी २९ उभ्या होत्या. दोन्ही जायफळे मुळासकट उलटली होती आणि मिरीचे वेल जमिनीवर लोळत होते. ज्या २९ वाचल्या, त्यांच्यावरची माडांची सावली गेल्यामुळे पुढच्या दोन उन्हाळ्यांत त्यांची खोडे पश्चिमेच्या उन्हाने भाजली आणि शेवटी ११ राहिल्या. पोफळीला सावली लागते, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेले होते. सावली गेल्यावर ती कशी मरते, ते मात्र तेव्हाच पाहिले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत यजमान गेले. त्याविषयी मी येथे अधिक लिहीत नाही. मुलाची मुंबईतली नोकरी आधीच्या टाळेबंदीत गेली होती, आगराच्या भरवशावर काढलेले कर्ज डोक्यावर होते आणि सासूबाई दिवसभर ओटीवर बसून पडलेल्या आगराकडे पाहत असत. मी त्या बाजूचे दारच लावून घेतले. दोन वर्षे मी आगरात पाऊल ठेवले नाही.

वादळानंतर पंचनामा झाला होता. उभी किती, आडवी किती, असे विचारून झाडे कागदावर उतरवली गेली. त्याच रीतीने मीही मनात एक पंचनामा तयार करून ठेवला होता, झाडांच्या खाली माणूस आणि माणसाच्या खाली कर्ज असा. तो विठोबासमोर ठेवायचा आणि अकरा वाऱ्या करणाऱ्याच्या घरी हे का घडवलेस, असे विचारायचे, एवढ्यासाठी मी निघाले. भक्तीने निघाले असे म्हटले तर ते खोटे होईल.

पहिला मुक्काम दापोलीत झाला. आमच्या दिंडीत तुळशीवृंदावन डोक्यावर घेण्याचा मान वाडीतल्या एका सत्तरीच्या आत्यांकडे आहे. त्या रात्री त्यांनी वृंदावन खाली ठेवले तेव्हा तुळस माना टाकून उभी होती. कोणीतरी तिला घाईने नव्या भांड्यात घट्ट चिकणमातीत लावले होते, भांड्याला तळाशी भोक नव्हते आणि भावापोटी जो येईल तो तिच्यावर तांब्या रिता करत होता. मी इतकेच म्हणाले की, तिची मुळे बुडाली आहेत. वीणा खुंटीला अडकवत असलेल्या बुवांनी ते ऐकले आणि म्हणाले, “वहिनी, आम्हाला त्यातले काही कळत नाही. तुम्हाला कळते, तर पंढरीपर्यंत ही तुमच्याकडे.”

मी नको म्हणाले. माझ्या हाताखाली आता काही जगत नाही, असे मी चारचौघांत म्हणाले आणि त्यावर कोणीच काही बोलले नाही. बुवांनी केवळ वृंदावन उचलून माझ्या वळकटीशेजारी आणून ठेवले. रात्री सगळे झोपल्यावर मी उठले, खिळा तापवून भांड्याच्या तळाला तीन भोके पाडली, मुक्कामाच्या घराच्या कुंपणापलीकडून पालापाचोळ्याची भुसभुशीत माती आणि मूठभर रेती आणली आणि तुळस पुन्हा लावली. हात मातीत गेल्यावर ते थांबेनात, इतकेच मला आठवते. दोन वर्षांनी ते मातीत गेले होते.

त्यानंतर माझा दिवस तुळशीभोवती फिरू लागला. पहाटे काकड्याच्या आधी तिला अर्धा तांब्या पाणी, तेही बुंध्याशी. वाटेत मंजिऱ्या आल्या की त्या खुडून ठेवायच्या, कारण मंजिरी पिकू दिली की झाडाचे बळ बियांत जाते. दुपारच्या विसाव्याला वृंदावनाभोवती ओले गोणपाट. रात्री उघड्यावर, दव पडेल अशा जागी. खेडवरून लोट्याच्या बाजूने परशुराम घाट उतरताना पाय सोलवटले होते, तरी माझे लक्ष आत्यांच्या डोक्यावरच्या पानांकडे असे. तिसऱ्या दिवशी तिने मान वर केली.

त्या रात्री आम्ही चिपळूणला होतो. बाजारपेठेजवळच्या ज्या घरात उतरलो, त्या घराच्या भिंतीवर दाराच्या चौकटीहून उंच अशी एक आडवी रेघ होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी तेथवर चढले होते आणि घर पुन्हा रंगवताना त्यांनी ती रेघ मुद्दाम ठेवली होती. दुसरा दिवस नरक चतुर्दशीचा. पहाटे तीन वाजता त्या घरातल्या बायकांनी तांब्याचा बंब पेटवला आणि चाळीस वारकऱ्यांना अभ्यंगस्नान घातले. तुळशीपाशी ओळीने कारिटे, ती कडू रानफळे, ठेवली होती. ती अंगठ्याने फोडून झाल्यावर दह्यातले, गोडे आणि तिखट असे तिन्ही प्रकारचे पोहे पानात आले. कोकणातली दिवाळी फराळाच्या डब्यांआधी या पोह्यांनीच सुरू होते. त्या घरच्या आजीने मला पाटावर बसवून डोक्यावर तेल घातले. यजमान गेल्यानंतर माझ्या डोक्याला कोणीही तेल लावलेले नव्हते. विधवेला दिवाळीत पाटावर बसवायचे असते, हेच कोणाच्या लक्षात येत नाही. मी रडू लागले तेव्हा त्या थांबल्या नाहीत, तेल जिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, “पुरानंतर आठ दिवस आम्हाला अनोळखी माणसांनी जेवू घातले, बाळा. ती कोण, कुठली, आम्हाला अजून ठाऊक नाही.”

पोफळी गावाहून कुंभार्ली घाट चढताना मी त्यांच्या त्या वाक्याचा विचार करत होते. दिंडीत एक निवृत्त वीज कर्मचारी होते. त्यांनी सांगितले की, आपण ज्या डोंगरावर चढतो आहोत त्याच्या पोटातून कोयनेचे पाणी येते. निसर्गाने पूर्वेला कृष्णेकडे जायचे ते पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवले, ते पोफळीच्या वीजगृहात पडून जनित्रे फिरवते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते. आम्ही त्या पाण्याच्या उलट दिशेने वर चाललो होतो. घाटमाथ्यावर वारा बदलला. खारा, दमट वारा संपला आणि कोरडा सुरू झाला, तसे मी आत्यांना थांबवून वृंदावनावर ओला पंचा बांधला.

कोयनानगर, पाटण आणि कराड हा टप्पा भरभर सरला. पाडवा आणि भाऊबीज वाटेतच झाली. कराडच्या प्रीतिसंगमावर, जेथे उरलेली कोयना कृष्णेला येऊन मिळते, तेथे आम्ही स्नान केले आणि विट्याच्या रस्त्याला लागलो. त्यापुढचा मुलूख मी कधी पाहिलेला नव्हता. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि तो कमी झाला की आम्ही कुरकुरतो. माणदेशात त्या वर्षी पाऊस फारच थोडा झाला होता, ओढे कोरडे होते आणि डाळिंबाच्या बागांमधून माणसे झाडागणिक पाणी मोजत होती.

आटपाडीच्या अलीकडे एका वस्तीवर दुपारी थांबलो. घरमालकीण माझ्याच वयाची असावी. तिच्या अंगणात एकच पिंप होते. टेंभू योजनेचे पाणी आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटले की येते, तेव्हा भरून ठेवायचे आणि पुढच्या आवर्तनापर्यंत पुरवायचे, असे ती सांगत होती. मी मनात म्हटले, आज तुळशीला पाणी मागायचे नाही, गोणपाटाच्या ओलीवर ती संध्याकाळपर्यंत तग धरेल. तेवढ्यात तिनेच तांब्या भरून आणला आणि माणसांच्या आधी वृंदावनापाशी गेली. मी पुढे होऊन तिचा हात धरला आणि अर्ध्यावर थांबवला, पुरे म्हटले. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुम्हीच सांभाळता काय हिला? किती निगुतीने राखलीय.” टेंभूचे पाणी कराडच्या खाली कृष्णेतून उचलतात, म्हणजे त्या तांब्यात कोयनाही होती, हे मला नंतर चालताना उमगले.

त्याच वाटेवर माझ्या ध्यानात आले की, माझा पंचनामा मी कित्येक दिवसांत उघडलेला नाही. कृपा म्हणजे गेलेले परत मिळणे, असे मी समजत होते, आणि तसे ती मागण्याचा हक्क आपल्याला आहे असेही समजत होते. माझे काहीही परत आलेले नव्हते. परंतु मी नको म्हणत असताना एक रोप माझ्या वळकटीशेजारी ठेवले गेले, माझ्या डोक्यावर तेल घातले गेले आणि पिंपातला तांब्या माझ्याआधी माझ्या तुळशीला मिळाला. यातले काहीही मी मागितले नव्हते आणि यातल्या कशालाही मी पात्र असल्याचे कोणी तपासले नव्हते. देवाने हे केले, असे मी म्हणते तेव्हा ते समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. मी ते पाहिले आहे.

दशमीला चंद्रभागेत स्नान करून आम्ही रांगेत उभे राहिलो. ती रात्र रांगेतच गेली. विचारायची वाक्ये मी वाडीतून निघतानाच पाठ करून ठेवली होती आणि रांगेत ती पुन्हा आठवून पाहिली. ती सगळी होती, एकही शब्द विसरलेले नव्हते. एकादशीच्या दुपारी गाभाऱ्यात पोहोचले. अगणित हातांनी गुळगुळीत झालेल्या त्या पायांवर कपाळ ठेवायला एक क्षण मिळतो, मागचा माणूस टेकलेलाच असतो. ओच्यात बांधून आणलेल्या मंजिऱ्या मी पायांवर ठेवल्या आणि माझ्या तोंडून निघाले, “तुळस पोचली.” एखाद्या गड्याने संध्याकाळी काम झाल्याचे सांगावे, तसे. मग मला पुढे सरकवण्यात आले.

मंडपाबाहेर बुवा भेटले. त्यांनी काही विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला आणि आम्ही गाडीने परतलो.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी मागचे दार उघडले. आगरात गवत कमरेएवढे होते. ११ पोफळी उभ्या होत्या आणि त्यांवर पिकली सुपारी धरलेली होती. दोन वर्षे ती पडून कुजून जात असावी. मी गडी बोलावून गवत काढून घेतले. पौष-माघात झाडावर पूर्ण पिकलेल्या सुपाऱ्यांतून जड आणि भरदार तेवढ्या निवडल्या, पाण्यात टाकून ज्या देठाची बाजू वर करून उभ्या तरंगल्या त्या ठेवल्या आणि रेतीच्या वाफ्यात लावल्या. वादळात टिकलेल्या झाडांचे बी आहे, ते वाडीच्या कामी यावे, एवढाच विचार होता. कोंब फुटल्यावर ती पिशव्यांत भरली. मुलगा तोवर मुंबईहून परत आला होता. केळीच्या सावलीत रोपवाटिका त्याने उभी केली. शेजारची चार घरे, ज्यांची आगरे आमच्यासारखीच गेली होती, रोपांसाठी नाव सांगून गेली. पोफळीला धरायला पाच-सहा वर्षे लागतात. सासूबाई ओटीवरून उठून आता रोपांपाशी बसतात.

२०२४ च्या वसुबारसेला दिंडी निघाली, तेव्हा मला जाता आले नाही. पाऊस सरला होता, शिंपणे सुरू झाले होते आणि आठ महिन्यांच्या ६०० रोपांना एक दिवसही सोडून चालणार नव्हते. वृंदावनातली तुळस मात्र मीच वाढवून दिली होती, भांड्याला तळाशी भोके पाडून. वेशीपर्यंत दिंडीबरोबर गेले. शेजारची नवी सून पहिल्यांदाच निघाली होती, तिला बाजूला घेऊन सांगितले की, पाणी अर्धाच तांब्या, बुंध्याशी. मंजिरी खुडत राहा. घाट चढलीस की पंचा ओला करून बांध. आणि आटपाडीच्या अलीकडे एका वस्तीवर कोणी तांब्या घेऊन आली तर तिला माझा नमस्कार सांग. टाळांचा आवाज पाखाडीच्या पायऱ्या चढून ऐकू येईनासा होईपर्यंत उभी राहिले. मग मागे वळले, कारण विजेची वेळ झाली होती आणि पंप सुरू करायचा होता.