पद्मिनी उरल्या किती?

जुन्या गाडीचा विमा ठरलेल्या किमतीवर उतरवायचा म्हटलं की आम्हा सर्व्हेअरना एक प्रश्न चुकत नाही: अशा गाड्या उरल्यात किती? दादरच्या एका काकांच्या प्रीमियर पद्मिनीसाठी तो माझ्यापुढे आला. "स्टिअरिंगवर गिअर असलेली, चालू हालतीतली, मुंबईत माझी एकटीच," काका ठामपणे म्हणाले.

टॅक्सींचा हिशोब अवघड नाही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली. म्हणजे 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी शून्य. खासगी गाडीला असा शेवटचा दिवस नसतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करायचं, पर्यावरण कर भरायचा, की चालली पुढं.

मग आरटीओची नोंदच का मोजू नये? कारण ती दोन्ही बाजूंनी फसवते. कुर्ल्याच्या भंगारात तुटलेल्या गाडीचं आरसी रद्द करायला सगळेच जात नाहीत. गाडी गेली तरी कागदावर राहते. उलट सोसायटीत ताडपत्रीखाली उभी असलेली, पासिंग संपलेली पण एका दुपारच्या कामात सुरू होईल अशी गाडी चालू गाड्यांच्या यादीत नसते.

म्हणून मी माटुंग्याच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. पद्मिनी मूळची फियाटच, आणि हा तिच्या आधीच्या डिलाइट मॉडेलपासून फियाटच दुरुस्त करणारा माणूस. प्रत्येक गाडीचा नंबर आणि काम वहीत लिहिलेलं. माझ्याकडे जुन्या गाड्यांच्या एका रॅलीतल्या पद्मिनींचे नंबर होते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. तळ्यातले मासे मोजतात तीच ही रीत: रॅलीतल्या गाड्यांपैकी समजा निम्म्या वहीत सापडल्या, तर वहीत एकूण गाड्यांपैकी साधारण निम्म्या आहेत. दोन रॅलींच्या याद्या मात्र घेऊ नयेत. तिथं त्याच त्या चकचकीत गाड्या पुन्हा येतात आणि आकडा खोटाच लहान निघतो.

मी बोटानं एकेक ओळ खाली सरकत होतो आणि जुळणारा नंबर क्वचितच लागत होता. छातीत धडधडायला लागलं. याचा अर्थ दोन्ही याद्यांत नसलेल्या कितीतरी गाड्या शहरात होत्या.

मिस्त्री मात्र खूश दिसेनात. "गाड्या आहेत, साहेब. सामान कुठाय? किंगपिन, क्लचप्लेट, काचेचं रबर, हे सगळं टॅक्सीवाल्यांच्या जिवावर बनत होतं. टॅक्सी गेली, बनवणाऱ्यानं साचा ठेवून दिला." मग त्यांनी वहीतल्या काही नंबरांवर फुल्या मारल्या. त्या गाड्या मालकांनी दुसरी जगवायला खोलल्या होत्या. माझा आकडा तिथंच खाली आला, आणि मला तो जास्त खरा वाटला. टॅक्सींनी शहरभर वर्षानुवर्षं ओझं वाहिलंच, शिवाय घरोघरच्या पद्मिनीही त्यांनीच जगवल्या, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

अहवालात मी एकच आकडा दिला नाही. चालत्या, उभ्या पण दुरुस्त होण्याजोग्या आणि फक्त सामानाच्या असे तीन गट केले आणि प्रत्येकासाठी किमान-कमाल लिहिलं. काकांची गाडी एकटी नाही, हेही स्पष्ट नोंदवलं. किंमत त्यांच्या अपेक्षेपेक्षा कमी आली.

काकांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. किमतीबद्दल अवाक्षर नाही. "त्या उभ्या गाड्यांच्या मालकांना मिस्त्रींमार्फत निरोप द्याल का? डाव्या दाराची काच हवीय मला. आणि माझ्याकडे दोन कार्ब्युरेटर जास्तीचे आहेत, कुणाला लागले तर."