सेल बसवायला एवढा वेळ कशाला?

रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या छोट्या गाडीत सहा सेल खाचांत ठेवायचे, वरून टेप मारायची आणि गाडी सोडायची, एवढ्याशा कामाला तासभर कसा लागतो, हे तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी घेऊन मोकळे व्हा, हा सल्ला मला तोंडपाठ आहे. माझी चॅसिस, म्हणजे गाडीचा तळाचा सांगाडा, ‘सब-सी’ मापाच्या गोल सेलसाठीच कापलेली आहे आणि मला ती टाकायची नाही.

मी मुळातच चेंगट स्वभावाचा आहे, असा तुमचा समज दिसतो. खरे तर मी तुमच्याहून घाईचा होतो. चॅसिसच्या कार्बन फायबरच्या नव्या पट्टीच्या खाचांना कापताना धार राहते, ती कानशीने मोडून कडांना सुपरग्लू पाजावा, हे मला ठाऊक होते. पण दुसऱ्या दिवशी शर्यत होती, आणि सेलवर प्लास्टिकचे आवरण असतेच की, असे म्हणून मी ते काम सोडून दिले.

पहिले काही आठवडे काहीच झाले नाही, आणि मला फसवले ते नेमके यानेच. सेलचा संपूर्ण धातूचा डबा हा ऋण टोक असतो आणि कार्बन फायबर वीज वाहून नेते. तरीही एकाच सेलचे आवरण फाटले, तर चॅसिसला फक्त त्या सेलचा विद्युतदाब मिळतो, प्रवाह वाहायला वाट मिळत नाही. पहिल्या सेलचे आवरण खालच्या कडेवर कधी फाटले, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढे एका शर्यतीच्या अंतिम फेरीत गाडी वळणाच्या कठड्यावर चढून आपटली, चौथा सेल खाचेत सरकला आणि त्याचेही आवरण कापले गेले. पहिल्या आणि चौथ्या सेलच्या डब्यांमध्ये तीन सेलचा मिळून ३.६ व्होल्टचा फरक, आणि मधे कार्बनची पट्टी. गाडी आधी मंदावली; मी मोटरला दोष देत ट्रिगर आणखी दाबला. मग धूर दिसला. मी धावत जाऊन ती उचलली, तेव्हा जळलेल्या राळेचा वास येत होता, टेप वितळून बोटांना चिकटत होती आणि सेल बाहेर काढण्यासाठी ती कापायला माझ्याजवळ साधे पातेही नव्हते. मी गाडी जमिनीवर टाकून नुसता पाहत उभा राहिलो. पुढे कित्येक दिवस मी सगळ्यांना सांगत होतो की सेल निकृष्ट होते. ते निकृष्ट नव्हते.

तेव्हापासून मी कडा गोल करतो, सुपरग्लूने बंद करतो, त्यांवर पातळ टेपचा थर देतो आणि प्रत्येक फेरीनंतर सेल काढून आवरण बोटाने चाचपतो. धन टोकाच्या कडेकडे विशेष पाहतो, कारण तिथे डाख दिलेली पट्टी आणि डब्याचा काठ यांत जेमतेम फट असते. वेळ जातो तो इथेच.

उरतो टेपच्या ताणाचा प्रश्न, आणि तिथे माझे स्वतःशीच भांडण आहे. सेल जराही हलता कामा नयेत, असे पूर्वीचा मी म्हणत असे आणि तंतूंनी मजबूत केलेली टेप करकचून आवळत असे. पण त्या ओढीने चॅसिसला पीळ बसतो. गाडीच्या पुढच्या टोकाच्या मध्याखाली पाते घालून उचलले की एक चाक आधी उठते, आणि गाडी एका बाजूच्या वळणात वेगळी वागते. सैल ठेवावी, तर सेल सरकतात, आणि सरकण्याचे फळ मी वर सांगितलेच आहे. आता मी टेप नुसती टेकवून गुंडाळतो आणि सेलच्या दोन्ही टोकांना अडसर लावतो. तरी परवा उचलून पाहिले, तेव्हा उजवे चाक आधी उठले. टेप सोडली, पुन्हा लावली, तेव्हा डावे.