पाच किलोचं कापड

माद्रिद, मंगळवार, रात्री साडेदहा

हात भरून आलेत. कारण ऐकलं तर घरचे हसतील. लास व्हेंतास या इथल्या बैलझुंजीच्या आखाड्यात आज दहा मिनिटं कापड हलवलं, बस.

झुंज बघायला गेले नव्हते. बैल मरताना बघायचा नाही, हे इथे येण्याआधीच ठरलं होतं. नुसती आखाडा दाखवणारी फेरी घेतली. गाइडनं ते कापोते, म्हणजे बैलापुढे फिरवायचं मोठं गुलाबी-पिवळं कापड, हातात दिलं. दिसतं शालीसारखं, उचललं की ओली गोधडी. पाचेक किलो, म्हणाला. हात शरीरापासून लांब, पाय रोवलेले, वळायचं कमरेतून. चौथ्या वळणाला डावा खांदा कुरकुरायला लागला. आणि मी म्हणे लोकांचे आखडलेले खांदे सोडवते!

मातादोरच्या, म्हणजे बैलाशी झुंजणाऱ्याच्या, अंगावर शिवाय जरीचा घट्ट पोशाख, समोर किमान ४६० किलोचा बैल. एका संध्याकाळी असे दोन. शेवटी बैलाला मारताना तलवार हाडावर आदळली की हिसका मनगटातून थेट खांद्यात. म्हणून शेवटच्या टप्प्यातल्या लहान लाल कापडाच्या खेळात बरेच जण हलकी, खोटी तलवार धरतात. पोलादी अगदी शेवटी.

सराव करताना मित्र शिंगं लावलेला गाडा ढकलत अंगावर आणतो. पळायचं नाही, हेच शिकायचं. शरीराला याहून अवघड काही सांगता येईल असं मला वाटत नाही. बेल्मोंते नावाच्या जुन्या मातादोरचे पाय अधू होते, म्हणे. बाजूला उडी मारणं जमेना, म्हणून तो जागीच उभा राहिला आणि बैलाला हातांनी फिरवू लागला. पुढे सगळेच तसं करू लागले.

शिंग बहुधा मांडीत घुसतं, आणि तिथेच मोठी रोहिणी. १९८४ मध्ये जखमी मातादोर पाकिर्री पोसोब्लांकोहून कोर्दोबाच्या दवाखान्यात नेताना वाटेवरच गेला. पादिल्या या मातादोरचा २०११ मध्ये शिंग लागून डावा डोळा गेला, तरी पाच महिन्यांत पट्टी बांधून पुन्हा आखाड्यात. एका डोळ्यानं अंतर कसं जोखत असेल? मी तर खांद्याच्या पेशंटला पाच महिन्यांत भरली बादलीही उचलू देत नाही.

बाहेर फ्लेमिंगचा पुतळा आहे, १९६४ चा. जखमा चिघळू न देणाऱ्या पेनिसिलिनवाल्याला मातादोर टोपी काढून मानवंदना देतोय. त्याच्यापाशी बराच वेळ थांबले.

आता वेणी घालायला हात वर जात नाहीये. खाली जाऊन बर्फ मागून आणते.