एकच चेहरा, किती रंग

आज दुपारी ब्राझीलच्या चित्रकार आद्रियाना वारेझांव यांची व्यक्तिचित्रं मोठी करकरून बघत बसले. संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही. चेहरा एकच, त्यांचा स्वतःचा. कातडीचा रंग मात्र वेगवेगळा. १९७६ साली तिथल्या सरकारी पाहणीत लोकांना स्वतःचा वर्ण विचारला, तर १३६ प्रकारची उत्तरं आली! त्यातल्या ३३ नावांच्या त्यांनी तैलरंगाच्या ट्यूबच बनवल्या. ‘दूध घातलेली कॉफी’, ‘उन्हानं भाजलेली’...

गुलामगिरी १८८८ पर्यंत चाललेला देश. आफ्रिकी, पोर्तुगीज, आदिवासी पूर्वज एकाच घरात, तरी रंगाची उतरंड आहेच.

‘उन्हानं भाजलेली’पाशी फार वेळ थांबले. जन्माचा रंग कुणाला तरी उन्हावर ढकलावासा वाटला असेल. माझी आजी पाहुण्यांना सांगायची, ‘पोर काळी नाही हो, उन्हानं रापलीय.’