एक फोटो, आठ आठवडे आणि मामाची सही

आफ्रिकेतल्या मलावीत कम्युनिकेशनची नोकरी कशी मिळाली, परमिट कसं झालं, असं विचारणारे मेसेज मला अजून येतात. खरं सांगायचं तर ते सगळं सुरळीत झालं. कागद दिले, मुलाखती झाल्या, टेम्पररी एम्प्लॉयमेंट परमिट आलं, राजधानी लिलोंग्वेला उतरले. घोडं पेंड खायला लागलं ते नंतर, एका फोटोपाशी. तो किस्सा आठवला की अजून डोकं तापतं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी फोटो कशाचा ते सांगते. मलावीने २३ एप्रिल २०१९ रोजी काही निवडक भागांत मलेरियाची आरटीएस,एस ही लस द्यायला सुरुवात केली, लिलोंग्वेच्या दक्षिणेला मितुंदूच्या रुग्णालयातून. घाना आणि केनिया त्याच वर्षी पाठोपाठ आले. तिथे डोस चार: पाचव्या, सहाव्या, सातव्या महिन्यात आणि मग थेट बाविसाव्या. गोम इथेच आहे. पहिले तीन लागोपाठ असल्याने बाया न चुकता येतात. नऊ महिन्यांचा गोवराचा डोस होतो, पंधरा महिन्यांचा होतो. पण त्यानंतर घरात शेतात पळणारं पोर पुन्हा पाठीला बांधून, एवढ्या एका सुईसाठी कोण चालत येणार? ही चौथी सुई लोकांच्या लक्षात राहील असं काहीतरी शोधणं हे माझं काम होतं. रेडिओसाठी, पोस्टरसाठी, आणि २५ एप्रिलच्या जागतिक मलेरिया दिनासाठी.

३ मार्च २०२२. मितुंदूच्या पुढच्या एका खेड्यातलं लसीकरण. तुळईला वजनकाटा टांगलेला, त्यात पोरं चड्डीसकट लटकून रडतायत, आणि सिमेंटच्या ओट्यावर बाया टाळ्या वाजवत आरोग्याची गाणी म्हणतायत. एक आजी नातवाला घेऊन बसली होती. आजीला तिकडे ‘अगोगो’ म्हणतात. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं पोराचं ‘हेल्थ पासपोर्ट’, म्हणजे आपल्या लसीकरण कार्डाची वही. मी विचारलं, बावीस महिने झाले हे कसं लक्षात राहिलं? ती म्हणाली, “पोर झालं तेव्हा मका काढत होतो. मग एक मका येऊन गेला. आता दुसरा उभा आहे, कणसं भरली, म्हणून आले.”

एवढंच. पण दोन वर्षं आम्ही पोस्टरवर ‘बावीस महिने’ छापत होतो आणि बाई मका मोजत होती. मी फोटो काढला. अगोगो, पोर, ती पिशवी, मागे हिरवा मका. काढतानाच कळलं होतं की हाच.

आता संमतीपत्र. आमच्या संस्थेचं दोन पानी, इंग्रजीत, बारीक अक्षरात. सोबत आलेल्या एचएसएने (हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट, आपल्या आशाताईंसारखे वाटतात, पण हे पगारी सरकारी कर्मचारी असतात आणि लसही स्वतःच टोचतात) चिचेवात, म्हणजे तिथल्या भाषेत, सगळं समजावून सांगितलं. अगोगोला लिहिता येत नव्हतं. माझ्याकडे स्टॅम्प पॅड नव्हतं. बॉलपेनची शाई अंगठ्याला चोळून ठसा घेतला. साक्षीदार म्हणून एचएसएने सही केली. स्कॅन करून मुख्यालयाला पाठवलं आणि मी बिनघोर झोपले.

चार दिवसांनी उत्तर आलं. ठसा अस्पष्ट आहे. साक्षीदार आमच्याकडून दिवसाचा भत्ता घेतो, म्हणून तो त्रयस्थ नाही. आणि तिसरं, सगळ्यात मोठं: आजी ही पालक आहे हे कशावरून? आई किंवा वडील किंवा कायदेशीर पालकाची सही हवी.

आई जोहान्सबर्गला घरकामाला गेलेली. तिथून तिने व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवला, चांगला दीड मिनिटाचा, पोराचं नाव घेऊन, हो म्हणून. मुख्यालय म्हणालं, आवाज चालत नाही. वडील? वडिलांचा विषय निघाला की घरात कुणीच बोलेना. मी आपली ‘कायदेशीर पालक’ शोधत बसले. शेवटी आमचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे आदराने ‘बाम्बो’ म्हणतात, ते हसून म्हणाले, “मॅडम, तुम्ही मामाला का नाही विचारत?”

तर गोष्ट अशी, की तिथल्या चेवा लोकांत मुलं आईच्या कुळाची. बहिणींचं आणि त्यांच्या लेकरांचं भलंबुरं बघायची जबाबदारी मामावर असते, त्याला ‘म्विनी म्बुम्बा’ म्हणतात. आपल्याकडे मामाला लग्नात अंतरपाटामागे उभं करतात आणि नंतर विसरून जातात, तसं नाही. ते पोर कुणाचं, याचं गावात सर्वमान्य उत्तर मामा हे होतं. ते फक्त आमच्या फॉर्ममध्ये नव्हतं. मी मुख्यालयाला मोठं पत्र लिहिलं, मातृवंशीय पद्धत समजावून. उत्तर एका ओळीचं: गावप्रमुखाचं लेखी पत्र जोडा.

ते मिळायला खरं तर एक दिवस पुरला असता. पण १७ फेब्रुवारीला मलावीने वाइल्ड (म्हणजे मूळ नैसर्गिक विषाणूच्या) पोलिओचा रुग्ण सापडल्याचं जाहीर केलं होतं, आणि मार्चभर सगळा देश त्यामागे लागला होता. आमचा एचएसए दारोदार थेंब पाजत फिरत होता. ऑफिसातही मी एकटीच मलेरिया मलेरिया करत होते, आणि लोक मला विचारत होते की तुम्ही भारतातल्या, तुम्हाला पोलिओचं सगळं पाठ असेल. (थोडं होतं. आपल्या पल्स पोलिओच्या रविवारची गोष्ट मी बऱ्याच ठिकाणी सांगून खपवली.) त्यात जानेवारीच्या आना वादळाने कापिचिराचं जलविद्युत केंद्र बंद पाडलेलं, त्यामुळे वीज तासन्‌तास नसायची. स्कॅन करायला जावं तर मशीन मेलेलं. जनरेटर होता, पण डिझेल आधी लसींच्या फ्रिजला. ते बरोबरच होतं, तरी मी चिडलेच.

गावप्रमुखांनी पत्र दिलं, खाली गोल शिक्का. तिकडे प्रमुखांकडे शिक्का असतो आणि तो फार जपून वापरतात. त्या शिक्क्यावर मुख्यालय लगेच विरघळलं. आई, आजी आणि मामा यांच्यापेक्षा त्यांना ते रबर खरं वाटलं.

राहिली मामाची सही. मामा तंबाखू विकायला लिलोंग्वेच्या कानेंगो लिलावात गेलेला. हंगाम चालू, तंबाखूच्या गाठी विकल्या गेल्याशिवाय तो जागचा हलणार नव्हता, म्हणून आम्हीच गेलो. गेटबाहेर गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवला. मला वाटलं, दोन मिनिटं. मामाने खिशातून चष्मा काढून लावला आणि दोन्ही पानं वाचली. पहिल्यांदाच कुणीतरी तो फॉर्म पूर्ण वाचताना मी बघत होते. एका ओळीवर बोट ठेवून त्याने इंग्रजीतच विचारलं, “इथे लिहिलंय, जगात कुठेही आणि कायमचं. कायमचं म्हणजे किती?”

मी काय सांगणार? म्हटलं, म्हणजे... नेहमीसाठी. तो म्हणाला, “पोर मोठं होईल. त्याला लाज वाटली तर?” आणि ‘कायमचं’ खोडून त्याने स्वच्छ अक्षरात ‘पाच वर्षं’ लिहिलं, शेजारी छोटी सही, खाली मोठी सही.

मुख्यालयाचं उत्तर: फॉर्ममध्ये हस्तलिखित बदल चालत नाहीत.

त्या दिवशी मी ऑफिसच्या मागच्या आंब्याखाली जाऊन आईला नाशिकला फोन केला आणि अर्धा तास नुसती बडबडले. मग परत येऊन आमच्या फोटोंच्या डेटाबेसमध्ये सहज बघितलं, तर त्यात ‘वापराची मुदत’ असा रकाना होताच. आजवर कुणी भरलाच नव्हता. त्याचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली एकच वाक्य. दहा दिवस शांतता. २८ एप्रिलला मंजुरी आली. मलेरिया दिन होऊन तीन दिवस झाले होते. पोस्टरवर दुसराच कुठलातरी हसरा फोटो गेला. आमचा फोटो जूनच्या वार्तापत्रात आला, पोस्टाच्या तिकिटाएवढा, मका कापून. हो, मकाच कापला!

चिडचिड मान्य. पण एक सांगायला हवं. नाशिकला वर्तमानपत्रात असताना मी पेठ, सुरगाण्याला कुपोषित मुलांचे फोटो काढायचे. विचारायचे नाही. आईच्या तोंडाकडेही फारसं बघायचे नाही, कारण अंक सुटायची वेळ झालेली असायची. त्यातल्या एकाही फोटोला मुदत नाही. तो मामा वाचत होता तेव्हा मला सारखं तेच आठवत होतं.

कुणी अशा कामाला जाणार असाल तर काही गोष्टी, सुचतील तशा. स्टॅम्प पॅड न्या, निळं. साक्षीदार शाळामास्तर किंवा चर्चमधलं कुणी शोधा, भत्त्यातला माणूस नको. गावात शिरायच्या आधी जिल्हा आरोग्य कार्यालयाचं पत्र, मग आरोग्य केंद्राच्या प्रमुखांना नमस्कार, मग गावप्रमुख, क्रम चुकवू नका. बायकांनी कमरेला चितेंजे (तिकडचं छापील कापड) गुंडाळावं, ओट्यावर बसताना बरं पडतं आणि म्हाताऱ्या लगेच जागा देतात. अदिस अबाबावरून जाणार असाल तर यलो फीव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, प्रमाणपत्र त्यानंतरच लागू होतं. सहीच्या आधी साखर, साबण, पैसे काहीही देऊ नका.

आणि फोटोची छापील प्रत नेऊन द्या. मी दिली. अगोगोने बराच वेळ बघितली आणि एचएसएला काहीतरी म्हणाली. तो हसला. तिचं म्हणणं, पाय का कापले, उभी राहून काढायचा होता.

हो, फॉर्मच्या दोन प्रती न्या. मामाने कानेंगोलाच त्याची प्रत मागितली होती. माझ्याकडे नव्हती, आणि झेरॉक्सच्या दुकानात वीज नव्हती. नंतर बाम्बोंबरोबर पाठवली. बदल्यात निरोप आला, “पाच वर्षांनी फोटो वापरातून काढलात हे मला कोण कळवणार?” मी एप्रिल २०२७ ची तारीख फोनमध्ये टाकून ठेवली. आता मी त्या संस्थेत नाही. तारीख फोनमध्ये आहे, आणि मामाचा नंबरही.