बोट कुठे पडलं, एवढ्यावरून

माझ्याकडे पाठवताना त्याच्या फाइलवर लिहिलं होतं: 'बसण्याची क्षमता कमी. सूचना पाळत नाही. टॅब्लेटवरची चित्रं ओळखत नाही. काम टाळण्यासाठी जमिनीवर लोळतो.' खाली शिफारस, ऑक्युपेशनल थेरपी, हाताच्या बळकटीसाठी. वय सात वर्षं, ऑटिझमचं निदान झालेलं, बोलत नाही. इथे त्याला नील म्हणते. हे त्याचं खरं नाव नाही.

'हाताच्या बळकटीसाठी' ही शिफारस मला इतक्यांदा येते की आता तिचा राग येतो. पेन्सिल नीट धरत नाही, बटण लागत नाही, मग द्या हातात स्पंजचा चेंडू आणि दाबायला लावा. हात खांद्याला जोडलेला असतो आणि खांदा धडाला. धडच सावरत नसेल तर बोटांकडून काय अपेक्षा करायची? मी नेहमी मधल्या अंगापासून सुरुवात करते आणि पालकांना ते पहिल्या दिवशी पटत नाही.

नीलला काखेत हात घालून उचललं तेव्हा तो माझ्या हातांतून खाली निसटायला लागला. खांदे कानांपर्यंत वर गेले आणि अंग मध्येच लोंबलं. उताणा झोपवून हात धरून हळूच उठवायला लागले, तर डोकं मागे राहिलं. कोपर सरळ केलं की उलट्या बाजूला वाकत होतं, अंगठा मनगटाकडे सहज टेकत होता. उभा राहिला की गुडघे मागे ढकलून त्यांच्यावरच रेलायचा. जमिनीवर बसताना पाय दोन्ही बाजूंना मागे टाकून, इंग्रजी डब्ल्यूसारखे. ती सवय वाईट म्हणून सगळे त्याला ओरडतात, पण तसं बसलं की बूड रुंद होतं आणि पोटाच्या स्नायूंना काम राहत नाही. त्याला सापडलेला तो सगळ्यात हुशार मार्ग आहे.

स्नायूंचा टोन म्हणजे ताकद नव्हे, हे समजावण्यात माझा बराच वेळ जातो. स्नायू काहीच करत नसतानाही त्यात थोडा ताण असतो, तो कामाला तयार असतो. ही तयारी मेंदू आणि मज्जासंस्था सांभाळतात. ती कमी असली की सैल पडलेल्या दोरीसारखं होतं: ओढायला गेलं की आधी ढील संपवावी लागते, मग ओझं हलतं. म्हणून ही मुलं उशिरा प्रतिसाद देतात, लवकर थकतात आणि लोकांना आळशी वाटतात. नीलच्या आईलाही घरच्यांनी तेच सांगितलं होतं, लाडावून ठेवलंय म्हणून.

ऑटिझम असलेल्या मुलांत हे काही दुर्मीळ नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५४ मुलांपैकी साधारण निम्म्या मुलांचे स्नायू ढिले आढळले होते. १९४३ साली बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्यातही ही नोंद आहे की उचलून घेताना मूल अंग सावरून तयार होत नाही. तरी २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेतल्या ऑटिझमच्या निकषांत ढिल्या स्नायूंचा उल्लेख नाही. निकषात नाही म्हणून तपासणीच्या कागदावर रकाना नाही, आणि रकाना नाही म्हणून कुणी बघत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. 'ऑटिझम आहे ना, मग अंग ढिलंच असणार' असं म्हणून पुढे जाणारेही भेटतात. ढिलेपणाची कारणं अनेक असतात. थायरॉइड, काही जनुकीय आजार, स्नायूंचे आजार. जमिनीवरून उठताना मूल स्वतःच्या मांड्यांवर हात टेकवत चढत असेल, पोटऱ्या विनाकारण फुगलेल्या असतील, येत असलेलं काही यायचं बंद झालं असेल, तर व्यायाम नंतर, आधी मेंदूविकारतज्ज्ञ. नीलला मी सुरुवातीलाच पाठवलं. रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या, प्रतिक्षिप्त क्रिया होत्या, तेव्हाच काम सुरू केलं.

मी सांगायला बसले आहे तो दिवस त्यानंतरचा. त्याच्या स्पीच थेरपिस्टने मला तिचं सेशन बघायला बोलावलं होतं. स्पेशल एज्युकेटर बाईही होत्या. नीलला संवादासाठी टॅब्लेट दिला होता: पडद्यावर २० चित्रं, बोट ठेवलं की शब्द उच्चारला जातो. कित्येक आठवडे प्रयत्न चालू होते. तो चुकीच्या चित्रावर मूठ आपटायचा, मग खुर्चीतून घसरायचा, मग टॅब्लेट फेकायचा. समजत नाही आणि करायचंही नाही, असा निष्कर्ष जवळजवळ ठरला होता.

मी कोपऱ्यात बसून फक्त त्याच्या अंगाकडे पाहिलं. खुर्ची मोठ्या माणसाची, पाय अधांतरी. बैठक इतकी खोल की पाठ टेकवायची तर तो कमरेवर येऊन अर्धा लोळणार. टेबल छातीपर्यंत. दोन्ही तळहात बैठकीच्या कडेला घट्ट दाबलेले, आणि टॅब्लेट बाईंनी त्याच्या डोळ्यांसमोर उभा धरलेला, म्हणजे हात हवेत उचलल्याशिवाय तो पोचणारच नाही. एक हात उचलला की त्या बाजूचा आधार जायचा आणि धड तिकडेच कलंडायचं. मग तो पडता पडता हात मारायचा. बोट चित्रावर जायचं ते असं. श्वास रोखून, जीभ बाहेर काढून. बाई म्हणत होत्या, "नील, माझ्याकडे बघ." त्या बाई मनापासून काम करतात, हे मी शपथेवर सांगेन. पण मान उचलायलाही स्नायू लागतात.

मी पुढची वीस मिनिटं मागून घेतली. आधी त्याला मोठ्या बॉलवर बसवून कंबर धरून उड्या मारायला लावल्या, जलद आणि मुद्दाम बेताल. एका लयीत, हळू झोका दिला तर अंग आणखी सैल पडतं. वर्गात 'शांत करायला' म्हणून या मुलांना झुलवतात आणि लगेच लिहायला बसवतात, तेव्हा मला गप्प बसवत नाही. मग भिंत ढकलणं, मग मी पाय धरायचे आणि त्याने हातांवर चालायचं. पाय धरायचे म्हणजे मांड्या. घोटे धरले तर कंबर खाली लोंबते आणि सगळा भार पाठीच्या मणक्यांवर येतो.

खुर्ची लहान मुलांच्या खोलीतून आणली. गुडघ्यामागे दोन बोटं जागा राहील एवढीच बैठक. तिच्यावर रबरी जाळीची न घसरणारी चटई. कमरेच्या अगदी खाली, माकडहाडाच्या वर, टॉवेलची घट्ट गुंडाळी, म्हणजे ओटीपोट मागे कलंडत नाही. पायाखाली कागदाच्या रिमांचा खोका, तळवे पूर्ण टेकतील एवढा. टेबल कोपराच्या उंचीला. टॅब्लेट उतरत्या फळीवर, त्याच्या दोन्ही कोपरांना टेबलाचा आधार मिळेल असा. पडद्यावर प्रत्येक चित्राभोवती भोक असलेली प्लास्टिकची जाळी बसवली. आणि एक सेटिंग बदललं. त्याच्या बोटाचं शेवटचं पेर दाबताना मागे वाकतं, बोट काचेवर ओघळतं, त्यामुळे शेजारचं चित्र बोलायचं. आता बोट थोडा वेळ एका जागी थांबलं तरच शब्द उमटणार.

एका गोष्टीवर मी अडून बसले. त्याच्या हाताला, मनगटाला, कोपराला कुणीही स्पर्श करायचा नाही. आधार टेबलाचा, माणसाचा नाही. मुलाचा हात धरून त्याच्याकडून अक्षरं टाइप करून घेण्याची जी पद्धत आहे, तिच्यात शब्द हात धरणाऱ्याचे निघतात आणि त्यालाही ते कळत नाही, हे १९९० च्या दशकातल्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टच्या संघटनेने (ASHA) २०१८ मध्ये त्या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याइतका मोठा अन्याय मला दुसरा दिसत नाही. म्हणून आम्ही असं ठरवलं की मी कापडी पिशवीतली वस्तू फक्त नीलला दाखवायची, परत पिशवीत टाकायची आणि त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं. प्रश्न विचारणार स्पीच थेरपिस्ट, तिला वस्तू माहीत नाही.

चेंडू दाखवला. "नील, काय होतं?" बराच वेळ काही नाही. थेरपिस्ट परत विचारणार होती, मी तिला हाताने थांबवलं. या मुलांना दुसऱ्यांदा विचारलं की पहिल्या प्रश्नाची जुळवाजुळव पुसली जाते. त्याचं कोपर टेबलावर सरकलं. तर्जनी जाळीच्या कडेला लागली, कडेवरून सरकत भोकात उतरली, पेर मागे वाकलं, पण बोट थांबलं. 'चेंडू.' मग किल्ली. मग बूट, इथे आधी चमच्यावर गेला आणि स्वतःहून मागे फिरला. मग कंगवा. 'कंगवा,' टॅब्लेट म्हणाला, आणि बोट पुन्हा निघालं, पडद्याच्या वरच्या ओळीकडे. 'नको.'

दाराशी उभी असलेली त्याची आई म्हणाली, "केस विंचरायला घेतले की पळतो तो."

नंतर थोड्याच वेळात तो खाली घसरला, गुंडाळी काढून फेकली आणि चटईवर जाऊन आडवा झाला. आईचा चेहरा उतरला. मी तिला सांगितलं, "ताई, हे बिघडणं नाही, दमणं आहे. सरळ बसून हात चालवणं त्याच्यासाठी आपल्या जिना चढून बोलण्याएवढं काम आहे." ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे त्याला आधीपासून येत होतं?"

मला त्याचं उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही. चेंडू आणि कंगवा ओळखतो हे दिसलं. 'नको' हे कुणी विचारलेलं नसताना आलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. पण गेल्या दोन वर्षांत त्याला काय काय कळत होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. एज्युकेटर बाई त्या दिवशी फारशा बोलल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "मी त्याला रोज उभा टॅब्लेट दाखवत होते." त्यांना दोष देणं मला पटत नाही. त्यांच्या प्रशिक्षणात खुर्चीची उंची कधी शिकवलीच जात नसेल, तर दोष शिकवणाऱ्यांचा.

स्पीच थेरपिस्टचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, एकाच वेळी खुर्ची, खोका, जाळी, सेटिंग आणि बॉल बदलला, श्रेय कशाला द्यायचं? मुद्दा बरोबर आहे. माझं म्हणणं, मुलाला एका दिवसात सगळं मिळू दे, छाननी आपण नंतर करू. ती आता चालू आहे. जाळी काढली की नेम चुकतो, पण फार लांब जात नाही. पायाखालचा खोका काढला की सुरुवात चांगली होते आणि लवकर कोसळते. बॉलचा परिणाम मला वाटला होता त्यापेक्षा कमी निघतोय. आणि दुपार उलटली की काहीही लावा, बोट घसरतं.

फाइलमध्ये त्याच्या बौद्धिक चाचणीचा जुना आकडा अजून तसाच आहे. ती चाचणी अशाच मोठ्या खुर्चीत झाली होती, चित्राकडे बोट दाखवून उत्तर द्यायची. ती पुन्हा घ्यावी म्हणून मी अर्ज केला, सोबत बैठकीच्या मापांचं एक पान जोडलं. तारीख मिळाली आहे, दुपारी साडेतीनची. सकाळची वेळ द्यावी म्हणून काल परत पत्र दिलं.