चायनीज पद्धतीची हिरवी भाजी: सॉस कमी, आच जास्त

चायनीज जेवणात मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर ती नुसती लसूण घालून परतलेली हिरवी भाजी. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात, म्हणजे तिथल्या कँटोनीज जेवणात, भात आणि मासे-मटणाच्या जोडीला अशी एक पालेभाजी हमखास असतेच, आणि तिच्यात म्हणाल तर काहीच नसतं, तेल, लसूण, मीठ, चिमूटभर साखर, बस. घरी करताना मात्र सोया सॉस, चिली सॉस, व्हिनेगर सगळंच पडतं आणि मग ती काळपट, पाणचट होते. माझं स्पष्ट मत आहे की ही भाजी सॉसवर नाही, पाणी आणि आच सांभाळण्यावर उभी आहे.

बोक चॉय (जाड देठांची चिनी पालेभाजी) घेतली असेल तर आधी बुडख्याकडे बघा, देठ जिथे एकत्र जुळतात तिथे माती अडकून बसते, नुसती नळाखाली धरून ती जात नाही. गड्डी उभी चिरायची, पाण्यात बुडवून हलवायची, पाणी दोनतीनदा बदलायचं. मग निथळून फडक्यावर पसरा आणि खरंच कोरडी होऊ द्या, कारण ओला पाला कढईत पडला की तापमान धाडकन खाली येतं आणि भाजी परतली जायच्या ऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजत बसते.

वोक नसला तरी काही बिघडत नाही, जड लोखंडी कढई किंवा पसरट पॅन चालतो, फक्त एका वेळी ३०० ग्रॅमच्या वर पाला घालू नका. कढई कोरडीच कडक तापवायची, मग दीड टेबलस्पून तेल, त्यात ठेचलेल्या चारपाच लसूण पाकळ्या (ठेचलेल्याच, बारीक चिरलेली लसूण एवढ्या आचेवर क्षणात करपते आणि कडू लागते), वास सुटला की लगेच देठ, मिनिटभराने पानं, मीठ, साखर. शाओशिंग वाइन (स्वयंपाकात वापरतात ती तांदळाची चिनी वाइन) असेल तर चमचाभर कढईच्या कडेने सोडा, चर्र झालं पाहिजे. पानं नुसती मरगळली की गॅस बंद, कारण ताटलीत काढल्यावरही ती स्वतःच्या उष्णतेने शिजत राहतात.

झाकण अजिबात ठेवायचं नाही. पालेभाजी शिजताना तिच्यातली आम्लं बाहेर पडतात, झाकणाखाली ती आतच कोंडतात, मग आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग मळकट होतो. व्हिनेगर नको म्हणते ते पण याचसाठी!

गाय लान (चायनीज ब्रोकोली) सारखी जाड देठांची भाजी असेल तर परतण्यापेक्षा उकळणं बरं. भरपूर पाणी खळखळ उकळवा, त्यात मीठ आणि चमचाभर तेल टाका, तेलाचा पातळ थर पानांवर बसतो आणि मस्त चकाकी येते. दोनेक मिनिटांत देठाला सुरी सहज गेली पण आत थोडा करकरीतपणा राहिला की काढून नीट निथळून घ्या. वरून ऑयस्टर सॉस, तो पण घट्ट वाटला तर चमचाभर गरम पाण्यात सैल करून. या सॉसची गोष्ट अशी सांगतात की १८८८ मध्ये ग्वांगडाँगमधल्या नानशुई इथे ली कुम शुंग यांचं कालवं शिजवायला ठेवलेलं भांडं चुलीवर जास्त वेळ राहिलं आणि आत दाट, तपकिरी रस तयार झाला, त्यातूनच पुढे ली कुम की कंपनी उभी राहिली. शाकाहारी लोकांसाठी मशरूमचा सॉस मिळतो आणि तो खरंच चांगला असतो, बिनधास्त वापरा.

हे जमलं की पुढे पोकळ देठांची वॉटर स्पिनच करून बघा, लसणीबरोबर आंबवलेल्या टोफूचे एकदोन तुकडे कुस्करून घालायचे. तो टोफू मुळातच खूप खारट असतो, त्यामुळे मीठ शेवटी चव बघूनच.